बॅटरी बदलून मिळेल, गाडीसकट

बॅटरी स्वस्त झाली, ही बातमी दरवर्षी थंडी पडू लागली की येते. ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था जगभरातल्या लिथियम-आयन पॅकचे भाव गोळा करते आणि सरासरी काढते. २०१० मध्ये एका किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर पडत होते, २०२४ मध्ये ११५. किलोवॅट-अवर म्हणजे फार काही अवघड प्रकरण नाही, महावितरणच्या बिलावरचं एक युनिट. जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली तीसेक युनिटांची बॅटरी असते. या हिशेबानं ती साडेतीन हजार डॉलरला, आपल्या पैशांत तीन लाखांच्या आतबाहेर पडायला हवी. पडते की! फक्त नव्या गाडीत बसून आली तर.

जुन्या गाडीला हवी असेल तर भाव निराळा, आणि तो आधी कुठे छापलेला नसतो. तो काढावा लागतो. आमच्या एका स्नेह्यांनी नुकताच काढला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यामुळे व्याजाचा दर आणि समोरच्याची चूक दोन्ही त्यांना चटकन दिसतात. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकानं पुणे-मुंबई इतक्या खेपा मारलेल्या, की वॉरंटीची वर्षं शिल्लक असतानाच किलोमीटर संपले होते. गाडी सकाळी फुल चार्ज व्हायची आणि दुपारी कासावीस. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तरी फरक पडणार नाही, सगळीकडे काउंटर सारखाच असतो.

“बॅटरी बदलायची आहे. किती?”

“काका, पार्ट नंबर टाकून बघावा लागेल.”

पार्ट नंबर टाकला. मग तो मुलगा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

“आणि बदलायचीच आहे तर मोठी बसेल का? नव्या मॉडेलला दीडपट येते ना, तीच द्या.”

“ती या गाडीला नाही, काका.”

“का नाही?”

“सिस्टिम घेत नाही.”

“कुठली सिस्टिम?”

“म्हणजे… सिस्टिम.”

हातात पडलेल्या एस्टिमेटवर मोजून चार ओळी होत्या. ‘बॅटरी पॅक असेंब्ली, नग १’. ‘लेबर’. ‘कूलंट’. आणि बारीक अक्षरात ‘जुना पॅक परत करणे बंधनकारक’. एकूण सहा लाखांच्या वर. गाडीची बाजारातली किंमत त्याहून कमी. स्नेही काही बोलायच्या आत मुलानं खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला आणि म्हणाला, “काका, त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये बघा ना. या महिन्यात बोनस आहे.”

ही सगळ्या प्रकरणाची गोम. अपग्रेड मिळत नाही असं कुणी म्हणत नाही. अपग्रेड मिळतंच, फक्त त्याला चार नवी चाकं, नवा डॅशबोर्ड आणि पाच वर्षांचे हप्ते लावून मिळतं.

स्नेह्यांनी घरी येऊन एस्टिमेटमधल्या जीएसटीच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला. मलाही तो गोल आवडला. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. आधी १२ होता, १ ऑगस्ट २०१९ पासून उतरवला, कारण पर्यावरण. लिथियम-आयन बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. हाही आधी २८ होता, जुलै २०१८ मध्ये उतरवला, म्हणजे उपकार झालेलेच आहेत. मग प्रश्न आला, की बॅटरी न बसवलेली इलेक्ट्रिक गाडी विकली तर कर किती? ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानं खुलासा केला: बॅटरी असो वा नसो, गाडीला ५ टक्केच. म्हणजे बॅटरीविना गाडी, जी जागची हलू शकत नाही, ती पर्यावरणरक्षक. आणि तिला हलवणारी बॅटरी ही १८ टक्क्यांची चैन.

जरा आकडे मांडून बघा. कर सोडून पंधरा लाखांची अख्खी नवी गाडी घेतली तर सरकारला ७५ हजार. तीच गाडी आठ-दहा वर्षं नीट वापरून, भंगारात न घालता, पाच लाखांची नवी बॅटरी बसवली तर ९० हजार. जो जुनं टिकवतो त्याच्याकडून पंधरा हजार जास्त. टाका आणि नवं घ्या, असं धोरण कुणी कागदावर लिहिलेलं नाही, पण कराच्या कोष्टकात ते आपोआप उमटलंय. बरं, बॅटरी बदलायच्या भानगडीत न पडता ती गाडी डीलरला देऊन टाकावी, तर जैसलमेरला डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, तीत नोंदणीकृत व्यापाऱ्यानं विकलेल्या जुन्या गाडीच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के ठरले, इलेक्ट्रिकसकट. डीलर ते स्वतःच्या खिशातून भरणार नाही, तुमच्या भावात कापणार. त्याच बैठकीतल्या पॉपकॉर्नच्या तीन करांवर मात्र देश आठवडाभर खो खो हसत होता. जुन्या गाडीवर हसायला कुणाला वेळ झाला नाही.

आता त्या ‘असेंब्ली, नग १’ कडे वळू. ती एक वस्तू नसतेच. मी एका सुट्या गॅरेजमध्ये असा पॅक उघडताना पाहिलाय. आधी सर्व्हिस प्लग उपटून बाजूला ठेवतात, थोडा वेळ हात लावत नाहीत, मग रबरी हातमोजे चढवून नारिंगी केबल सोडवतात. तीनशेच्या वर व्होल्ट असतात, शॉक बसला तर आठवण सांगायला माणूस राहत नाही. कडेचे बोल्ट काढायचे, चिकटवलेलं सील पात्यानं कापत जायचं, आणि झाकण दोघांनी उचलायचं. आत रांगेनं उभे निळसर सेल. मेकॅनिक मल्टिमीटर टेकवत आकडे वाचत होता आणि पोऱ्या वहीत उतरवत होता: ३.३१, ३.३०, ३.३१, ३.३१, ३.३०… आणि मग २.८७. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “हा बघा.”

सेल ओळीनं जोडलेले असतात, म्हणून चार्ज उतरताना ज्याच्यात दम कमी तो आधी तळाला जातो. तो तळाला गेला की बॅटरीचा मेंदू, म्हणजे बीएमएस, सगळ्यांचंच काम थांबवतो. बाकीचे ठणठणीत असले तरी त्यांना घरी जावं लागतं. डॅशबोर्डवर दिसतं ते एवढंच, की रेंज गेली. तेव्हा बऱ्याच वेळा दुखणं एका-दोन सेलचं, फार तर एका मॉड्यूलचं असतं. तेवढंच बदललं तर बिल काही हजारांत किंवा लाखभरात मिटू शकतं. पण काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये मॉड्यूलला पार्ट नंबरच नसेल तर तो विकणार काय? आणि बाहेरच्या गॅरेजनं झाकण उघडलं की वॉरंटी गेली. गॅरेजवालेही सगळे असे वहीत आकडे उतरवणारे नसतात, हे मान्य. कुठून कुठून आणलेले सेल कोंबून देणारेही आहेत, आणि लिथियमची आग पाण्याच्या बादलीनं विझत नाही. पण म्हणून शिकलेल्या माणसालाही सुटा भाग विकायचा नाही, हे सुरक्षिततेचं कारण आहे की सोयीचं?

कंपनीच्या बाजूचंही थोडं सांगतो, नाहीतर म्हणाल सदरवाल्याला काय जातंय बोलायला. बंपर दहा वर्षं गोदामात ठेवता येतो. बॅटरी ठेवता येत नाही. ती न वापरताही म्हातारी होते. जुन्या मॉडेलचे सेल बनवणं कारखाना बंद करतो, मग शे-दोनशे पॅकसाठी पुन्हा कोण लाइन लावणार? धोकादायक माल म्हणून वाहतूक महाग, त्यात बदललेल्या पॅकवर पुन्हा वॉरंटी द्यायची. मोठी बॅटरी बसवायची तर वजन वाढतं, ब्रेक-सस्पेन्शनचा हिशेब बदलतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: आरसीवर उत्पादकानं लिहिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण. हे सगळं खरं. पण हे सगळं मिळून तीन लाखांचे सहा लाख होतात का? आणि होत असतील तर ते फोड करून एस्टिमेटवर लिहायला कुणाची हरकत आहे?

या दुखण्याचा जगातला जुना रुग्ण म्हणजे निस्सानची लीफ. डिसेंबर २०१० मध्ये पहिल्या गाड्या लोकांच्या हातात पडल्या. बॅटरी २४ युनिटांची, आणि तिला थंड ठेवायला पंपही नाही, पंखाही नाही. जपानच्या हवेत ते चालून गेलं. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या फिनिक्सच्या उन्हात नाही चाललं. लीफच्या डॅशबोर्डवर बॅटरीच्या तब्येतीच्या बारा पट्ट्या असतात. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्सकरांच्या पट्ट्या एकेक करून विझायला लागल्या. विदर्भातल्या वाचकांना जास्त समजावून सांगायला नको. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा कंपनीनं कबूल केलं की पाच वर्षांत किंवा साठ हजार मैलांत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर दुरुस्त करून देऊ.

आणि मग जून २०१४ मध्ये निस्साननं एक गोष्ट केली, जी मला आजही धाडसाची वाटते. तिनं भाव जाहीर केला. नवा पॅक ५,४९९ डॉलर, जुना परत द्यायचा, बसवण्याची मजुरी वेगळी. २०११ आणि २०१२ च्या गाड्यांना नवा पॅक जुळवून घ्यायला २२५ डॉलरचं किट. स्वस्त होतं का? नव्हतं. पण आकडा सगळ्यांसमोर होता. ग्राहकाला घरी बसून गुणाकार करता आला, वापरलेली लीफ घेणाऱ्याला घासाघीस करता आली. २०१८ मध्ये जपानमध्ये तर त्याच्याही पुढे गेले. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेत ओस पडलेल्या नामिए गावात निस्सान आणि सुमितोमो यांच्या ‘फोर-आर एनर्जी’नं कारखाना काढला. तिथे जुने पॅक उघडायचे, मॉड्यूल तपासायचे, चांगले निवडून पुन्हा पॅक बांधायचे. नव्या पॅकला साडेसहा लाख येन, या निवडून बांधलेल्याला तीन लाख. निम्म्याहून कमी. जे आपल्याकडे ‘सिस्टिम घेत नाही’, ते तिथे कंपनीच्याच कारखान्यात झालं.

तरी एक गोष्ट निस्साननंही दिली नाही: जुन्या लीफला मोठी बॅटरी. २०१८ च्या लीफचा ४० युनिटांचा पॅक आकारानं जुन्याच्या जवळपास, थोड्या खटपटीनं जुन्या गाडीत बसतो. अडचण एवढीच की गाडीचा कॉम्प्युटर आणि नवी बॅटरी यांची भाषा जुळत नाही. मग नेदरलँड्समधल्या, न्यूझीलंडमधल्या सुट्या कारागिरांनी मध्ये एक छोटी डबी बसवली, जी बॅटरीचं बोलणं गाडीला कळेल असं करून सांगते. झालं काम! न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरलेल्या लीफ बोटी भरभरून आल्या होत्या, त्यामुळे तिथे गिऱ्हाईकही होतं. काडेपेटीएवढ्या डबीनं जे साधलं ते अब्जावधींच्या कंपनीला सुचलं नसेल, असं मानण्याइतका मी भोळा नाही. १०० किलोमीटरची जुनी गाडी २०० जाऊ लागली तर नवी कोण घेईल?

बीएमडब्ल्यूनं २०१६ मध्ये आय-३ च्या जुन्या मालकांना २२ युनिटांच्या जागी ३३ ची बॅटरी देऊ केली होती, पण निवडक देशांतच. अमेरिकेतले मालक हात चोळत बसले. टेस्लानं २०१५ मध्ये आपल्या पहिल्या रोडस्टरला मोठी बॅटरी दिली, २९,००० डॉलरला. तेव्हाच्या भावानं १९ लाख रुपये. त्या गाड्या जगात अडीच हजारही नाहीत आणि मालक असे की एस्टिमेट वाचायला माणूस ठेवतात, त्यांना सोडून द्या. चीनच्या निओची बॅटरी मुळातच खालून काढून दुसरी लावण्यासाठी केलेली. त्यामुळे २०२० मध्ये तिला सरळ सांगता आलं: ७० युनिटांची द्या, १०० ची कायमची न्या, फरक ५८,००० युआन. निओनं गाडी आणि बॅटरी या दोन वस्तू आहेत हे सुरुवातीलाच मान्य केलं होतं, मग भाव सांगायला तिला अवघड गेलं नाही.

आपल्याकडेही एकेकाळी त्या दोन वस्तूच होत्या. २००१ मध्ये बेंगळुरूहून रेवा आली. खेळण्यासारखी म्हणून सगळे हसले. सीटखाली सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या, त्यांना डिस्टिल्ड वॉटर घालायचं, काही वर्षांनी जुन्या देऊन नव्या घ्यायच्या. जुन्यातलं शिसं वजनावर विकलं जायचं, त्याचे पैसे बिलातून वजा. गाडी जेमतेम ऐंशी किलोमीटर जायची, पावसात काच पुसताना मालकाचा जीव अर्धा व्हायचा, पण बॅटरीचा सेट बदलायला कितीला पडतो हे तिच्या मालकाला पाठ असायचं. मग २०१० मध्ये महिंद्रानं कंपनी घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ लिथियमवर आली, आणि गाडी सुधारली तशी बॅटरीची किंमत गूढ होत गेली.

त्या बारीक अक्षरातल्या ‘जुना पॅक परत करणे बंधनकारक’ चंही पाहून घेऊ. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ चे आहेत, पॅक उकिरड्यावर टाकायचा नाही, हे योग्यच. पण गाडीसाठी ‘संपलेला’ पॅक खरोखर संपलेला नसतो. त्यात अनेकदा ७० टक्के जीव असतो. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ पासून १४८ लीफ गाड्यांएवढ्या बॅटऱ्या वीज साठवतात, त्यात वापरलेल्याही आहेत. जपानच्या रेल्वेनं फाटकांचे सिग्नल लीफच्या जुन्या बॅटऱ्यांवर चालवून पाहिले. म्हणजे म्हातारीला दुसरीकडे चांगली नोकरी लागते. आपल्या एस्टिमेटमध्ये तिच्या नावापुढे किती रुपये वजा होते? रकानाच नव्हता. पितळेचा बंबसुद्धा मोडीत देताना तराजू लागतो.

यावर कंपन्यांचं ताजं उत्तर म्हणजे ‘लाइफटाइम वॉरंटी’. ती वाचताना चष्मा पुसून घ्या. टाटांनी २०२५ मध्ये नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या मॉडेलला ती दिली, लाइफटाइम म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं. आणि पहिल्या खासगी मालकाच्या हातात गाडी असेपर्यंतच. महिंद्राचं, एमजीचंही पहिल्या मालकावरच प्रेम. गाडी दुसऱ्याला विकली की ‘आजन्म’ संपून पुन्हा वर्षं आणि किलोमीटर मोजायला सुरुवात. बॅटरीला अर्थातच मालक बदललेला कळत नाही. पण ज्याला बॅटरीची खरी धास्ती असते तो सेकंडहँड घेणारा, आणि नेमका तोच या छत्रीबाहेर. दुसरं उत्तर भाड्याचं: एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती ९.९९ लाखांना, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. एक लाख साठ हजार किलोमीटरला ५ लाख ६० हजार झाले, विजेचं बिल निराळं. निदान आकडा कळला, एवढं श्रेय द्यायला हवं.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची, वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. रांजणगावहून बाहेर पडलेल्या त्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षं २०२८ च्या सुरुवातीला भरायला लागतील. बहुतेक बॅटऱ्या त्यापुढेही निमूट चालतील, त्या रसायनाचा तो गुणच आहे. पण ज्यांच्या चालणार नाहीत ते ओळीनं काउंटरवर येतील. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच मागून ठेवतो. बॅटरीवरचा कर गाडीएवढा करा. मॉड्यूलला पार्ट नंबर द्या. जुन्या पॅकचा रकाना छापा आणि त्यात काहीतरी भरा. आणि पॅकची किंमत वेबसाइटवर टाका. पेट्रोलचा भाव २०१७ पासून रोज सकाळी सहाला ठरतो आणि पंपावर मोठ्या अक्षरात लावलेला असतो. महिनोन् महिने तोच असतो, ती गोष्ट वेगळी, पण लावलेला असतो. तुम्ही वर्षातून एकदा लावा. दिवाळीला लावलात तरी चालेल, नाहीतरी एक्सचेंज बोनसचा फलक तेव्हा लागतोच, त्याच्या खाली जागा असते.